जिथं पडलास तिथं आधी जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

महाराष्ट्र एकीकरण समितीकडून आमदारकीला उभं राहू की राष्ट्रीय पक्षाचं तिकीट मागू, हा घोर तुला लागलाय. अरे, आपल्या बेळगावकडच्या खानापूरचा हिशेब बघ. 2008 ला भाजप, 2013 ला समिती, 2018 ला काँग्रेस, 2023 ला परत भाजप. चार निवडणुका, चार आमदार. नुसत्या चिन्हावर इथं कोण टिकलंय? सीमाप्रश्नाची निष्ठा तुझ्या घरातच आहे, ती मी शिकवायला नको. पण 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, आणि तोवर माणसांना रस्ता, दवाखाना, उतारा लागतोच.

माझं एकच सांगणं. जिथं पडलास तिथं आधी जा. निकालानंतर फॉर्म 20 मिळतो, त्यात बूथवार मतं असतात, कुठं पडलो ते त्यावरून कळतं. आपली माणसं तो वाचतात ती दगा कुणी दिला हे हुडकायला. तू दौरा आखायला वाच.

मी बरीच वर्षं ज्या आमदारांकडे होतो, त्यांच्यामागे हेच टुमणं लावलं होतं. एकदा तालुक्याच्या पूर्वेला, कानडी भागातल्या कक्केरीकडच्या एका गावी विरोधी उमेदवाराच्या बूथ एजंटाच्या सोप्यात नेऊन बसवलं. त्यानं चहा दिला, पण बोलेना. शेवटी आतून प्लास्टिकच्या पिशवीतला उतारा आणला. वडील वारले तरी वारसांची नावं चढली नव्हती. आमदारांनी तिथूनच तहसीलदारांना फोन लावला आणि काम झालं. पण पुढं सत्कार आणि लग्नं पश्चिमेच्या, आपल्या मराठी जांबोटी-कणकुंबीकडचीच. पूर्वेकडं गाडी परत वळली नाही. पडल्यावर खापर माझ्यावर फुटलं, की यानंच कानडी गावांत नेऊन आपली माणसं दुखावली. एका फेरीनं कुणी दुखावतं का? दहा फेऱ्या झाल्या असत्या तर ती सीट राहिली असती, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

कन्नड येत नाही म्हणतोस. मग शीक की! 1986 ला आपल्या माणसांनी गोळ्या झेलल्या त्या कन्नडच्या सक्तीविरुद्ध. बीडी गावातल्या म्हातारीशी तिच्या भाषेत बोलायला तेव्हाही कुणाची ना नव्हती.

आणि आपली गावं हक्काची म्हणून सोडू नकोस. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव-गवाळीकडून पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरून आणावा लागतो. रस्त्याला वन खात्याची परवानगी लागते, ती भाषणानं मिळत नाही. आमदार झालास तर विधानसभेत अतारांकित प्रश्न टाक, मंत्र्याचं लेखी उत्तर घे आणि ते घेऊन अधिकाऱ्याच्या दारात बस. मग तेच उत्तर गावात वाचून दाखव, नकार असला तरी. पण तेही जिथं पडलास तिथं जाऊन आल्यावर.

2028 लांब नाही. सुगी संपली की कक्केरीपासून सुरुवात कर. निघताना फोन कर, मी बरोबर येतो. पहिल्या दोन-तीन घरांत मी बोलेन, पुढं तू.