मऊ फोम पॅड वापरला तर गाडीचा रंग जळत नाही ना? कोणत्या रंगाचा पॅड घेऊ?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. नवीन ड्युअल ॲक्शन पॉलिशर (पॅड स्वतःभोवती फिरवता फिरवता लहान गोलातही हलवणारं मशीन) घेतलाय, त्याला फोम पॅड कोणत्या रंगाचा घेऊ, ही एक. आणि मऊ पॅड घेतला की रंग जळायची भीती नाही ना, ही दुसरी. पहिलीकडे येतोच. दुसरी वाचून मात्र माझं डोकं फिरलं, कारण हेच वाक्य गेली सहा वर्षं मी माझ्या मेहुण्याच्या तोंडून ऐकतोय.

मऊ पॅडनेही रंग जळतो. मी जाळलाय.

सासऱ्यांची गडद निळी सेडान. फिरणं कमी, पण रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसायची. त्यामुळे ऊन पडलं की बॉनेटवर कोळिष्टकासारखं गोल ओरखड्यांचं जाळं चमकायचं. तोवर मी माझी स्वतःची गाडी दोनदा पॉलिश केली होती, आणि आपला हात बसलाय असा माझा समज होता. "करून देतो," म्हणालो. माझा पॉलिशर नेमका दुरुस्तीला गेलेला, म्हणून मेहुण्याने कुठल्याशा मित्राचं रोटरी मशीन, म्हणजे पॅड नुसता एकाच जागी गरागरा फिरवणारं, उचलून आणलं. "दाजी, फिरल्याशी मतलब," असं त्याचं म्हणणं.

रोटरी म्हटल्यावर मी धास्तावलो होतोच. म्हणून मुद्दाम सगळ्यात मऊ, काळा फिनिशिंग पॅड लावला. बोटाने दाबला तर अर्ध्यापर्यंत आत जाणारा. वाटलं, हा काय जाळणार!

आता गंमत बघा. असला पॅड असल्या ओरखड्यांना हलवतच नाही. तो शेवटचा हात फिरवायला असतो, कापायला नसतो. पहिल्या फेऱ्यात काही फरक पडला नाही तेव्हा मी कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढायचं जाडसर पॉलिश, वाढवलं. तरी नाही, मग स्पीड वाढवला. तरी नाही, म्हणून मशीनवर अंगाचा भार टाकायला लागलो. फोम कंपाउंड पिऊन पिऊन जड झाला होता आणि गरम होऊन आणखीच लिबलिबीत. त्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंना एकेक उठावाची रेघ आहे. तिच्यावर मास्किंग टेप लावली नव्हती. "पंधरा मिनिटांचं काम, टेप कशाला?" हेही मेहुण्याचंच, पण ऐकलं मी, तेव्हा ते माझ्या खात्यात.

रेघेवर मशीन फार तर दोन-तीन सेकंद रेंगाळलं असेल. करपट वास आला. मशीन बंद करून पॅड उलटा धरला, तर पांढरट पॉलिशच्या मधोमध निळा पट्टा. क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा सगळ्यात वरचा थर, तो पारदर्शक असतो. तो शाबूत असताना पॅडवर गाडीचा रंग यायचं कारणच नाही. आला याचा अर्थ तिथला क्लिअर कोट संपला. बॉनेटवर करंगळीच्या पेराएवढा लांबट, निस्तेज डाग होता. सासरे आले, वाकून बघितलं, खिशातला रुमाल काढून त्यावरून दोनदा फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, हे पुसलं जाईल ना?"

अख्खं बॉनेट रंगवून घ्यावं लागलं.

मेहुण्याचा निकाल त्याच संध्याकाळी लागला: दाजींनी कडक पॅड लावला. अजूनही घरात चार माणसं जमली आणि कुणाच्या गाडीचा विषय निघाला की तो हेच सांगतो. तो काळा पॅड मी जपून ठेवलाय, निळ्या डागासकट. एकदा त्याच्या हातात दिला, म्हटलं दाबून बघ. त्याने दाबला आणि म्हणाला, "आता वापरून मऊ झाला असेल."

असो. कडक पॅड लावला असता तर कदाचित ते बॉनेट वाचलं असतं, हे माझं म्हणणं आहे. कटिंग पॅडने ओरखडे दोन-चार फेऱ्यांत गेले असते, मला भार टाकायची आणि स्पीड वाढवायची वेळच आली नसती. भीतीपोटी कामाला न झेपणारा मऊ पॅड घ्यायचा आणि त्याची उणीव दाबून, तापवून भरून काढायची, ही सगळ्यात वाईट पद्धत. रंग जळतो तो उष्णतेने आणि एकाच जागी घासत राहिल्याने. फोम कडक की मऊ हे त्यानंतरचं.

हिशेब करा. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून बहुतेक वेळा १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन. त्या थरातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही बहुधा पातळच. कडांवर आणि उठावाच्या रेघांवर तर तो आणखी पातळ, कारण ओला रंग धारेवर टिकत नाही, दोन्ही बाजूंना ओघळतो. नेमकं तिथेच पॅडचा सगळा दाब एका रेषेवर येतो. मऊ फोम तिथे चेपून सपाट होतो, वाचवत नाही. वाचवते ती टेप. कडा, रेघा, रबर, काळं प्लास्टिक, सगळीकडे टेप लावायची.

आता तुमचा रंगाचा प्रश्न. रंग बघून पॅड घेऊच नका. कंपन्यांमध्ये रंगांचा कसलाही मेळ नाही. लेक कंट्रीचा पिवळा पॅड चांगला कडक, कटिंगचा. मेग्वायर्सचा पिवळा मधला, पॉलिशिंगचा. रुपेसचा पिवळा बारीक कामाचा. पांढऱ्याचंही तेच: रुपेसमध्ये तो सगळ्यात नाजूक, लेक कंट्रीत मधला. म्हणून "पिवळा घ्या" सांगणाऱ्याला आधी "कुणाचा?" असं विचारा. पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग की फिनिशिंग लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. सुरुवात मधल्या पॉलिशिंग पॅडने करा. बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन टेपने आखा, तेवढ्यातच करून बघा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसा आणि टॉर्च मारून पाहा. अल्कोहोल विसरू नका, पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकून ठेवतं आणि दोन धुण्यांनंतर ते परत हजर होतात. ओरखडे गेले तर तोच पॅड सगळ्या गाडीला. नाही गेले तर एक पायरी कडक पॅड, आणि नंतर मऊ पॅडने फिनिशिंग. मशीनवरचा भार मात्र वाढवायचा नाही.

पॅड घेताना एक नका घेऊ. एका गाडीला एकाच प्रकारचे निदान चार लागतात. पॅड पहिल्या पॅनलला छान चालतो, दुसऱ्यापासून त्यात निघालेला क्लिअर कोट आणि वाळलेलं पॉलिश साठत जातं, मग तो कापायचं सोडून नुसता तापतो. दर चौकोनानंतर ब्रशने झटका. मशीन चालू करून ब्रश टेकवला की भुगा उडतो, म्हणून तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवा. कोरड्या पॅडवर सुरुवातीला पॉलिश बोटाने सगळीकडे चोळून घ्या, त्यानंतर दर वेळी वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके बास. माझ्यासारखं ओतू नका. एका पॅडवर दोन वेगळी पॉलिशं कधीच नाहीत. पॅड हातातून जमिनीवर पडला तर झटकून परत लावू नका. एक खडा आत अडकला तरी अख्ख्या दरवाजावर रांगोळी काढतो. बाजूला टाका, दुसरा घ्या.

बॅकिंग प्लेट, म्हणजे मशीनची ज्या चकतीवर पॅड चिकटतो ती, पॅडपेक्षा थोडी लहान हवी, चहूबाजूंनी फोम बाहेर दिसला पाहिजे. पॅड मधोमध बसवा. प्लेट पॅडएवढीच असेल तर बंपरच्या खोलगट जागी तिची कडा रंगाला लागते आणि चंद्रकोरीसारखा ओरखडा उठतो. हाही त्याच दिवशी, त्याच मशीनने मला दिलेला. मेहुण्याला हा अजून दिसलेला नाही, तेव्हा इथेच ठेवूया.

प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारा. मशीन चालताना रेघ फिरताना दिसली तर ठीक. ती जागच्या जागी थरथरत असेल तर तुम्ही फार दाबताय किंवा मशीन वाकडं धरलंय. हात हलका करा. मशीन रंगावर टेकवून मगच चालू करा, नाहीतर पॉलिशचे शिंतोडे काचेपर्यंत जातात. उचलण्याआधी बंद करा. पॅड बदलताना प्लग काढा, वायर खांद्यावरून मागे टाका. उन्हात तापलेल्या पत्र्यावर काम करू नका. मधूनमधून पत्र्याला तळहाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल, पण हात काढून घ्यावासा वाटला तर थांबा. पॅडचा मध्यभागही असाच बघा, उष्णता तिथे साठते आणि वेल्क्रोचा गोंद सुटतो. चालू मशीनवरून पॅड निसटला की उघडी प्लेट थेट रंगावर.

काम झाल्यावर पॅड लगेच कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा.

आता थोडं माझ्याच विरोधात. माझी गोष्ट रोटरीची आहे. तुमचं ड्युअल ॲक्शन मशीन साध्या प्रकारचं असेल तर जास्त दाबल्यावर पॅड फिरायचाच थांबतो, त्यामुळे उष्णता तेवढी साठत नाही आणि रंग जळणं फार क्वचित होतं. गिअरने सक्तीने फिरणारी ड्युअल ॲक्शनं असतात, ती अशी थांबत नाहीत, त्यांच्याशी जपून. प्लास्टिकचा बंपर पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, तिथे सगळंच हळू. आणि पॅडवर रंग आला की क्लिअर कोट संपला हेही सगळ्या गाड्यांना लागू नाही. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या सिंगल स्टेज रंगाच्या गाडीवर पहिल्या फेऱ्यातच पॅड रंगतो, तेव्हा घाबरून मशीन फेकू नका. आधी कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन हाताने घासून बघा, रंग कुठल्या प्रकारचा आहे ते कळेल.

तुमच्या मशीनचा थ्रो (पॅड ज्या लहान गोलात हलतो त्याचा व्यास) ८ मिमी आहे, १५ की २१, आणि प्लेट किती इंची, हे प्रश्नात नाही. ते लिहिलंत तर पॅडचं माप सांगता येईल. आणि मशीन कुणाकडून आणलेलं असेल तर आधी उलटं करून त्याची प्लेट बघा.