बांधाजवळची माती घेऊ नकोस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पदवी हातात आली, मैत्रिणी पुण्याला गेल्या, आणि आपण नेमकं कशासाठी आहोत हेच कळेना, असं तू लिहिलंस. नुसता विचार करत बसून हे उत्तर सुचत नाही. ते तुझ्या मागच्या बावीस वर्षांत पडलेलं आहे, नमुना मात्र नीट घ्यावा लागतो.

शेतातली माती तपासायला कशी देतात ते आठव. नागमोडी चालत आठ-दहा जागा धरायच्या, वरचा काडीकचरा सारायचा, साधारण २० सेंटीमीटर खोल ‘व्ही’च्या आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडायची. सगळी कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि असं करत शेवटी अर्धा किलो उरवायची. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घ्यायची नाही. खत टाकल्यावर लगेच तर नाहीच, नाहीतर अहवाल शेताचा न येता खताचा येतो.

तसंच कर. शंभर पानी वही घे, मोबाइल नको. दहा दिवस, रोज अर्धा तास, रोज दोन प्रसंग. पाचवीपर्यंतचे पाच, दहावीपर्यंतचे पाच, पुढचे दहा. निकालाचा दिवस, बक्षीस समारंभ या खत पडलेल्या जागा आहेत, त्या सोड. साधे दिवस घे. निकालाच्या आठवड्यात किंवा घरात भांडण झाल्यावर वही उघडूच नकोस.

प्रत्येक प्रसंगाखाली लिही: मी काय केलं, कुणी सांगितलं की आपणहून केलं, कोण बघत होतं, संपल्यावर थकवा कसा होता. बहुतेकांचं चुकतं ते पहिल्याच प्रश्नाला. ‘मी मदत करणारी आहे’ असं लिहिलं की ते पान वाया गेलं. ‘आजीला अक्षरं लागत नाहीत म्हणून गोळ्यांच्या पाकिटांवर सकाळी सूर्य, दुपारी भाकरी, रात्री चांदणी काढून दिली’ हा प्रसंग झाला. ‘व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवरचा केळीच्या वजनाचा हिशेब बाबांना पुन्हा मांडून दाखवला’ हा दुसरा. वरवर दोन्हींचा संबंध नाही, पण क्रिया एकच: अवघड ते समोरच्याला कळेल असं करून देणं. तू शोधते आहेस ती हीच गोष्ट, नोकरीचं नाव नव्हे.

मग चाळणी लाव. बघणारं कुणी नसतं तर हे केलं असतं का? नसतं, तर काट मार. विसाचे दहा, दहाचे पाच. नुसते आनंदाचे प्रसंग ठेवू नकोस. ज्या अन्यायाने डोळ्यांत पाणी आलं तोही ठेव, आपल्याला कशाची चाड आहे ते तिथेच दिसतं. पण जखम ओली असेल, आठवलं की झोप उडत असेल, तर ते पान एकटीने लिहू नकोस. आधी विश्वासाच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोल.

पाच उरले की लहानपणापासून तुला पाहणाऱ्या एखाद्या मावशीला किंवा मामाला वाचून दाखव. स्वतःचं स्वतःला रोजचंच वाटतं. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्यांच्या ओठी आलेली गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली म्हणून उरली. १९५१ साली त्या गेल्या, पुस्तक निघालं १९५२ मध्ये. आपल्यातलं मोल ओळखायला दुसऱ्याचा कान लागतो, म्हणून ही पायरी गाळू नकोस.

शेवटी पंधरा दिवस, रोज एक तास, ती क्रिया खरोखर करून बघ. गल्लीतल्या तीन-चार जणांना पीक विम्याचे, बँकेचे कागद समजावून दे. रोज एक ओळ लिही: आज कुणी आभार मानले नाहीत, तरी उद्या जावंसं वाटतं का? नाही वाटलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस, पाचातली दुसरी क्रिया घे. एकच एक मोठं ध्येय सापडलं पाहिजे या हट्टापायी हाताशी आलेलं लहान काम पुष्कळ जण सोडून देतात. तू सोडू नकोस.

वेचणीची गडबड ओसरली की सुरुवात कर. प्रसंग तुझ्यापाशीच असू दे, मला फक्त पाच क्रियापदं कळव.

तुझ्या पत्राची वाट बघतो.