एएमचा 'श्रोता' म्हणायचं कुणाला?

तुम्ही विचारलंय, "एएम रेडिओ केंद्रांना आज किती श्रोते आहेत? अजून कुणी ऐकतं का?" ऐकतात. एकच आकडा हवा असेल तर अमेरिकेचा घ्या. श्रोते मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या 2022 च्या मोजणीनुसार तिथे महिन्याला 8 कोटींहून जास्त लोक एएम ऐकतात. नव्या मोटारींतून एएम काढू नये म्हणून तिथले प्रसारक हाच आकडा पुढे करतात. तो खोटा नाही, पण मी आधी 'महिन्याला' या शब्दावर बोट ठेवतो.

तिथल्या मोठ्या शहरांत या मोजणीसाठी निवडक लोकांजवळ एक छोटं यंत्र असतं. प्रसारणाच्या आवाजात दडवलेला, कानाला न कळणारा संकेत ते टिपतं. पाव तासातली पाच मिनिटं ऐकलीत की तुम्ही त्या पाव तासाचे श्रोते. जानेवारी 2025 पासून ही अट तीन मिनिटांवर आली. म्हणजे नवा माणूस एकही न येता श्रोते वाढले! (मला याचं फार हसू आलं होतं.)

आता समजा, सकाळी आठला एका शहरात 1 लाख लोक रेडिओ ऐकतायत आणि एका एएम केंद्राचा वाटा 2 टक्के आहे. त्या घडीला ऐकणारे झाले 2,000. आठवडाभरात थोडा वेळ डोकावलेले सगळे धरले तर तेच केंद्र "आमचे 50,000 श्रोते" म्हणू शकतं. दोन्ही खरंच. जाहिरातदाराला दुसरा आकडा आपणहून सांगतात, पहिला खोदून विचारावा लागतो.

शिवाय केंद्र वेगळं आणि एएम पट्टा वेगळा. न्यूयॉर्कचं 1010 विन्स हे एएम केंद्र 2022 पासून 92.3 एफएमवरही लागतं. त्याचा श्रोता एएमचा धरायचा की एफएमचा? ब्रिटनमध्ये ॲब्सोल्यूट रेडिओने 2023 मध्ये मध्यम लहरी (म्हणजे एएमवरचं प्रसारण) बंद केल्या, पण केंद्र डिजिटलवर चालूच राहिलं.

केंद्र किती लोकांपर्यंत 'पोहोचतं' हा तर निव्वळ कागदी हिशोब. सूर्य मावळला की मध्यम लहरी आकाशातून परतून लांबवर जातात. मग एकमेकांत घुसू नयेत म्हणून अमेरिकेत बऱ्याच केंद्रांना रात्री शक्ती घटवावी लागते, काहींना तर बंदच व्हावं लागतं. उरलेली कसर घरातली उपकरणं काढतात. माझ्या टेबलावरचा एलईडी दिवा लावला की ट्रान्झिस्टरवरच्या बातम्यांची नुसती खरखर होते, रेडिओ आडवा फिरवला तर थोडं कळतं. नकाशावर मात्र मी त्या केंद्राच्या टप्प्यातच.

एखादं ठरावीक केंद्र तुमच्या मनात असेल तर ते एफएमवर किंवा ॲपवरही लागतं का, एवढं आधी बघा. लागत असेल तर एकूण श्रोत्यांतले एएमचे किती, ते वेगळं विचारा.