भिगवणचे फ्लेमिंगो: उडवायचे की चरू द्यायचे?

प्रश्न: ताई, जानेवारीत आम्ही घरचे सगळे पहाटे पुण्याहून निघून भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. नाववाले दादा म्हणाले, थांबा तुम्हाला उडते दाखवतो, आणि त्यांनी नाव सरळ थव्यातच घातली. फोटो झकास आले, पण माझी सात वर्षांची मुलगी म्हणाली, आई, ते जेवत होते ना? तेव्हापासून डोक्यात तेच आहे, आमचं चुकलं का? आणि तिथले बाकीचे मोठे पक्षी ओळखायचे कसे, आम्हाला तर सगळे बगळेच वाटतात.
– एक वाचक, पुणे

उत्तर: तुमच्या लेकीने बरोब्बर बघितलं हो, ते जेवतच होते. रोहित म्हणजे आपला फ्लेमिंगो, चार-साडेचार फूट उंच पक्षी, पण खातो काय तर शेवाळ, बारीक किडे आणि कोळंबीसारखे इवलेसे जीव. त्यासाठी तो मान खाली घालून चोच चक्क उलटी करून पाण्यात धरतो, जीभ पंपासारखी मागेपुढे करत राहतो, मग पाणी चोचीच्या कडेच्या जाळीतून बाहेर आणि खाणं आत. गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो, म्हणून लहान पिल्लं राखाडी असतात. एवढ्या बारीक खाण्यावर पोट भरायचं म्हणजे दिवसातले कितीतरी तास चरावं लागतं, त्यात दर अर्ध्या तासाने एक नाव अंगावर आली तर विचार करा! शिवाय त्याला जागेवरून उडता येत नाही, पाण्यावर धाव घ्यावी लागते, त्यात ताकद जाते ती वेगळीच.

चुकलं हो, पण मनाला लावून घेऊ नका. नाववाल्या दादांवरही रागावू नका, पर्यटकच उडवा उडवा म्हणतात आणि त्यांचं पोट त्यावर आहे. पुढच्या वेळी बसायच्या आधीच सांगा, दादा, इंजिन लांबच बंद करा, उडवू नका, आम्ही निवांत बसून बघणार. मग थव्याकडे बघत राहायचं, माना खाली आहेत तोवर ठीक, सगळ्या माना एकदम ताठ वर झाल्या आणि थवा एका बाजूला चालायला लागला की तिथेच थांबायचं, अजून पुढे जायचं नाही. दहा मिनिटं गप्प बसलात तर एखादा जागच्या जागी गोल फिरत पाय आपटून चिखल ढवळताना दिसेल, मला विचाराल तर उडत्या थव्यापेक्षा मला हेच जास्त आवडतं.

आता ओळख. बगळा उडताना मान मुडपून घेतो, करकोचा, चमचा नावाचा पक्षी आणि रोहित मान सरळ ताणून उडतात, एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं. पिवळी लांब चोच, नारिंगी चेहरा आणि शेपटीकडे गुलाबी पिसं म्हणजे चित्रबलाक, करकोच्यातलाच एक, तो चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात फिरवतो आणि मासा लागला की पटकन मिटतो, म्हणजे बघून नाही तर स्पर्शाने पकडतो. चोचीचं टोक पळीसारखं चपटं असेल तर चमचा. पुतळ्यासारखा एकटाच उभा तो राखी बगळा. आणि काठावर गवतात चरणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले बदकासारखे हंस म्हणजे पट्टकदंब, ते तर हिमालय ओलांडून येतात!

जायच्या आधी मात्र तिथे फोन करून पाणी किती आहे ते विचाराच. भिगवणचं पाणी म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचाच फुगवटा, ते पाणी ओसरून काठ उथळ झाले की रोहित येतात, धरण फुल्ल असेल तर उशीर होतो. आणि लेकीला पिल्लं बघायची असतील तर उन्हाळ्यात जवळच भादलवाडीच्या तलावावर न्या, तिथे झाडांवर चित्रबलाकांची घरटी असतात, ती काठावरूनच दुर्बिणीने बघायची, झाडांखाली जायचं नाही.