नागपुरातून छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना मदत कशी पाठवावी?

सदरच्या एसएफएस कॅथेड्रलमध्ये किंवा तुमच्या चर्चमध्ये आधी विचारा. पॅरिश (स्थानिक चर्च) आणि डायोसीसच्या (बिशपच्या हाताखालचं क्षेत्र) समाजसेवा विभागातून मदत खऱ्या माणसांपर्यंत जाते. देशपातळीवर कारितास इंडिया ही मदतसंस्था आहे, कॅथलिक बिशपांनी १९६२ मध्ये सुरू केलेली. ती धर्म पाहून मदत करत नाही आणि मला तेच योग्य वाटतं.

कपड्यांची गाठोडी मात्र पाठवू नका. इथून मणिपूरला जाईपर्यंत भाड्यातच पैसे जातात, आणि छावणीतल्या बाईला जुन्या साडीपेक्षा औषधं, मुलांची फी, घरभाडं जास्त लागतं. सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो वकिलाचा खर्च. ओडिशातल्या कंधमालमध्ये २००८ साली घरं आणि चर्च जाळली गेली, हजारो लोक जंगलात पळाले. त्यानंतर साक्षीदारांना वर्षानुवर्षं कोर्टात उभं करणं हेच अवघड काम होतं. छावणी उठली की देणगीही आटते, म्हणून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी द्या. मणिपूरचा २०२३ चा संघर्ष मुळात वांशिक आहे, तरी चर्च मैतेई आणि कुकी अशी दोन्हीकडची जळली, हे लक्षात असू द्या.

पैसे संस्थेच्या बँक खात्यातच भरा, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नको. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) हवी असेल तर २,००० रुपयांवर रोख देऊ नका आणि पावती मागा. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ही सवलत नसते.

आणि कृपा करून पीडितांचे फोटो, नावं व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. त्यांना त्याच गावात परत राहायचं असतं.