बेचिराख गावात जाशील तेव्हा

चि. स अनेक आशीर्वाद.

शनिवारी व्हॅरम पर्सीला निघतेस, सोबत मोजपट्टी, ड्रॉइंग बोर्ड आणि कॅमेरा. खुशाल ने. फक्त पहिले दोन तास पिशवी उघडू नकोस.

ज्या गावात दिवा लागत नाही त्याला आपल्या महसुली दप्तरात 'बेचिराख' म्हणतात. इंग्लंडमधल्या यॉर्कशर वोल्ड्स या टेकड्यांच्या खोऱ्यातलं हे व्हॅरम पर्सी 1500 च्या आसपास तसं झालं. तिथे भेटेल तो तुला सांगेल, प्लेगने संपलं. ऐकायला चटकन पटतं, म्हणूनच जरा जपून. 1349 ची साथ इंग्लंडभर फिरली, पण त्यानंतरही सुमारे दीडशे वर्षं इथे चुली पेटत होत्या. शेवटची कुटुंबं उठवली ती मेंढ्यांसाठी. लोकरीला भाव होता. शेतीला गावभर हात लागतात, कळपाला एक मेंढपाळ पुरतो. मॉरिस बेरेसफर्ड मूळचे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक. गाव का उठलं हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यापायी ते कागद सोडून मातीत उतरले. पुढे पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट येऊन मिळाले आणि 1950 पासून 1990 पर्यंत दर उन्हाळ्यात इथे उत्खनन चाललं.

गवताखालचे उंचवटे बघायला दुपार कलल्यावर जा. भर बाराच्या उन्हात तिथे नुसतं कुरण दिसतं. ऊन तिरपं झालं की एकेका घराची जागा, मागचं परसू, खोल गेलेली गाडीवाट सावलीने उठून येते. पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, फिरायची तुला सवय आहे, पण इथे खापराच्या तुकड्यासाठी खाली वाकू नकोस. जागा संरक्षित आहे, जिथलं तिथेच राहू दे. मी एकदा दुसऱ्याच एका उठलेल्या गावात जुन्या नांगरटीच्या सरी-वरंब्यांना घरांचे चौथरे समजलो आणि अर्धी वही भरली. जवळच्या शेतकऱ्याने विचारलं, "नांगराची तासं कशाला मोजताय?" तेव्हापासून आधी चढावरून सगळं एका नजरेत घेतो, मग वही.

खरा वेळ दे तो सेंट मार्टिन चर्चच्या दक्षिण भिंतीला. छप्पर नाही, मनोऱ्याचा काही भाग 1959 मध्ये कोसळला. बाहेरच्या बाजूने उभी राहा. भिंतीत कमानींची ओळ दिसेल आणि प्रत्येक कमान दगडाने बुजवलेली. लोक वाढले तसं चर्चला दोन्ही बाजूंनी पडव्यांसारखे भाग जोडले. लोक घटल्यावर ते पाडून कमानी चिणल्या आणि चिणलेल्या जागेत खिडक्या बसवल्या. गावाची चढती-उतरती लोकसंख्या त्या एका भिंतीवर आहे. कमानीचा दगड आणि भरावाचा दगड यांच्यामधल्या सांध्यावरून बोट फिरव (दगड हलवू नकोस, नुसतं बोट). हा सांधा ओळखता आला की पुढे कुठल्याही पॅरिशमधलं (एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) चर्च तुला वाचता येईल.

इथे सापडलेल्या माणसांच्या हाडांचं तू विचारलंसच. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किमान दहा माणसांची, मेल्यानंतर कापलेली आणि जाळलेली हाडं आहेत. दुष्काळात माणूस खाल्ला असेल का, हेही तपासलं गेलं. पण कापल्याच्या खुणा बहुतेक डोक्या-मानेजवळ, मांस काढायच्या सांध्यांवर नाहीत. म्हणून मेलेला उठून परत येऊ नये ही धास्ती जास्त संभवते, असं संशोधक म्हणतात. तूही लिहिताना 'संभवते'च लिही. वेताळाच्या गोष्टी आपल्याला फार आवडतात, म्हणून सांगतोय.

आता तुझं काम. गाव उठलं, तरी चर्च साडेतीनशेहून जास्त वर्षं चालू राहिलं. कोणासाठी? याच पॅरिशमधल्या थिक्सेंडेलच्या लोकांना 1870 पर्यंत स्वतःचं चर्च नव्हतं. लग्नाला, मयताला ते इथवर यायचे. नकाशा पिशवीतच ठेव आणि ते कोणत्या बाजूने उतरत असतील ते जमिनीवरून शोध. कच्चं रेखाटन मला पाठव, नीटनेटकं करत बसू नकोस. आणि बूट जाड तळव्याचे घाल, गाडी लावल्यावर बरंच खाली चालायचं आहे.

तुझा,
सर