एकाच इंजिनिअरच्या दोन रेल्वे

प्रश्न : बार्शी लाइट रेल्वे उभारणाऱ्या कॅलथ्रॉप साहेबांनी इंग्लंडमध्येही तशीच छोटी रेल्वे बांधली होती, पण ती तीस वर्षांत बंद पडली म्हणे. आपली शंभरावर वर्षं चालली, मग तिकडे काय बिघडलं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. स्टॅफर्डशायरमधली ही ‘लीक अँड मॅनिफोल्ड’. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, जेमतेम 8 मैल. रूळ बार्शीसारखेच अडीच फुटी, डब्यांच्या टोकांना आपल्याकडच्यासारखे मोकळे सज्जे. जून 1904 मध्ये सुरू झाली, मार्च 1934 मध्ये संपली.

माझे वडील कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर होते. मोठ्या गाडीच्या वाघिणीतलं पोतं हमालाच्या पाठीवरून छोट्या वाघिणीत जायचं, दिवसभर तेच. पोत्यांची धूळ वडिलांच्या सदऱ्यावरून घरी यायची. कॅलथ्रॉपनी मॅनिफोल्डला हे ओझंच काढून टाकलं होतं. मोठ्या रुळांवरची अख्खी वाघीण खास बुटक्या गाड्यावर चढवायची आणि छोट्या रुळांवरून पुढे न्यायची. ब्रिटनमध्ये हे तिथेच पहिल्यांदा झालं. म्हणून इंजिनिअरला दोष देऊ नका.

दोष जागेचा होता. लाइन नदीकाठाने, दरीच्या तळातून. ग्रिंडन, बटरटन ही गावं वर डोंगरावर. स्टेशनवर उतरायचं आणि पुढे तंगडतोड करत चढायचं! सुट्टीच्या दिवशी फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायची, एरवी सगळी भिस्त दुधावर. मोटारलॉरी आली तशी ती दूध गोठ्याच्या दारातून उचलू लागली. 1932 मध्ये एक्टनची डेअरी बंद झाली, तेव्हाच खरं तर गाडीचा जीव गेला.

बार्शीला असं एकाच गिऱ्हाइकावर जगायची वेळ आली नाही. 1897 मध्ये ती कुर्डुवाडी-बार्शी एवढीच होती, पण 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर आणि 1927 मध्ये मिरज गाठलं. कापूस, धान्य आणि आषाढी-कार्तिकीचे वारकरी. विठोबाची वारी कुठली लॉरी पळवणार?

मॅनिफोल्डची दोन्ही इंजिनं भंगारात गेली. त्यांतल्या एकावर कॅलथ्रॉप यांचंच नाव होतं. रूळ उखडून तिथे पायवाट केली, ती 1937 पासून लोकांसाठी खुली आहे. स्वेन्सलीच्या बोगद्यातून आता मोटारी जातात.